शब्दाला साक्षीदार

माझ्या थोरल्या भावाच्या लग्नाची पत्रिका आम्ही भगवानतात्यांना नेऊन दिली, ती दुसऱ्या दिवशी आमच्या घरी परत आली. मानपानाचं काही नव्हतं. तात्यांनी ती तपासून पाठवली होती. नवऱ्या मुलाचं नाव, वार आणि गाव यांच्याखाली लाल पेन्सिलीनं रेघा होत्या. दोन्हीकडच्या आजोबांपासून चुलत्यांपर्यंतच्या नावांवर एक लांबलचक काट होती. आणि समासात शेरा होता, ‘जेवणाची वेळ नाही. मांडव कुठे ते नाही. पाहुणा चुकणार.’

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, असे भडकले की सांगता सोय नाही. लग्नाच्या कागदावर काट मारायची म्हणजे काय! पण लग्नादिवशी नवरीचे मामा दहा माणसं घेऊन गावातल्या भलत्याच मांडवात जाऊन बसले. तिथं पोटभर जेवले, पानसुपारी झाली, आणि अक्षता हातात घेतल्यावर नवरी ओळखीची वाटेना तेव्हा त्यांना शंका आली. त्यानंतर आमच्या वस्तीवरची प्रत्येक पत्रिका छापखान्यात जायच्या आधी तात्यांकडे जाऊ लागली.

पण पत्रिका हा तात्यांचा किरकोळ धंदा. खरा धंदा नोकरीच्या अर्जांचा.

निमगाव केतकीला एसटी स्टँडच्या बाजूला एक पिठाची गिरणी होती. तिच्या दारातल्या बाकावर तात्या सकाळी नऊला येऊन बसत ते दुपारी जेवायला उठत. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि वर गिरणीचं पीठ उडून मिशाही पांढऱ्या. मांडीवर वर्तमानपत्र आणि कानावर पेन्सिल. एकोणीसशे नव्वदनंतरची ती वर्षं. बारामतीला एमआयडीसीत एकामागून एक कंपन्या उभ्या राहत होत्या, पेपरात ‘पाहिजेत’च्या जाहिराती येत होत्या, आणि बारावी झालेली, आयटीआय झालेली, काहीच न झालेली आमची सगळी पिढी अर्ज घेऊन गिरणीपुढं रांगेत उभी असायची. दळण टाकायला आलेल्या बायका आणि नोकरीला निघालेली पोरं यांची तिथं एकच रांग व्हायची. आमच्या अर्जांना बाजरीच्या पिठाचा वास येतो, असं म्हणे बारामतीतल्या एका कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं.

कुणीही समोर आलं की तात्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. “शब्द दाखव.”

म्हणजे जाहिरात दाखव. मग ते जाहिरातीत पेन्सिल फिरवत आणि पाच-सहा शब्दांखाली रेघा मारत. ‘अनुभव’, ‘देखभाल’, ‘शिफ्ट’, ‘नोंदी’, असे. मग आपला अर्ज हातात घेत आणि त्यात ते शब्द हुडकत. एकही सापडायचा नाही. आमच्याकडच्या अर्जात काय असायचं? ‘घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून’ हे आधी. मग वडिलांची जमीन किती, बहिणी किती, कुठल्या पुढाऱ्याची ओळख, आणि शेवटी ‘आपला आजन्म ऋणी राहीन’. काय काम येतं ते कुणीच लिहायचं नाही. घरातलं, शेतातलं, गोठ्यातलं काम म्हणजे काम, असं आमच्या डोक्यातच नव्हतं. कागदावर चढायचं ते सरकारी शिक्का असलेलं, बाकी सगळं नुसतं ‘घरी असतो’.

तात्या हलाखीवर काट मारत. “दया कुठं मागितलीया जाहिरातीत? दाखव मला. तू काम मागतुयास का भाकर?”

पोरगं म्हणायचं, “पर तात्या, सायबाला कळंल की, मी इंजनाचं समदं करतो म्हणून लिवलंय.”

“सायबाला कळंल. पर तुझा अर्ज सायबाकडं जातुय कुठं? आदी माझ्याकडं येतुय.”

हे ऐकून नवीन माणूस चक्रावायचा. त्यामागची हकिकत अशी. तात्या एका साखर कारखान्याच्या ऑफिसात सव्वीस वर्षं आवक टेबलावर, म्हणजे येणारं टपाल नोंदवून घ्यायला होते. जागा निघाली की अर्ज पोत्यानं यायचे. मोठे साहेब एका चिठ्ठीवर चार शब्द लिहून द्यायचे, आणि तात्यांनी ते चार शब्द असलेले अर्ज बाजूला काढायचे. शब्द सापडले तर अर्ज साहेबांच्या टेबलावर, नाही सापडले तर पुन्हा पोत्यात. “मला इंजन कळत नव्हतं, रसायन कळत नव्हतं, काय बी कळत नव्हतं. मला चिठ्ठी कळायची. मी चाळण व्हतो, चाळण. तवा चाळणीच्या भोकाएवढा शब्द लिवायचा. त्यांनी ‘देखभाल’ म्हणलंय, तर आपण ‘देखभाल’च म्हणायचं. ‘निगराणी’ लिवलंस की बसलास पोत्यात.”

एकदा चिठ्ठीवर ‘डिझेल मेकॅनिक’ असं होतं. बावड्याच्या एका माणसानं अर्जात ‘इंजिनाचे सर्व काम’ असं लिहिलेलं. तात्यांनी तो पोत्यात टाकला. पुढच्या गळिताला कारखान्याचं इंजिन बंद पडलं, तीन मेकॅनिक हात टेकून बसले, आणि बावड्याहून बोलावलेल्या माणसानं ते तासाभरात सुरू केलं. तो तोच होता. हे तात्या सगळ्यांना सांगत, आणि दर वेळी सांगताना ओशाळत. निवृत्त झाल्यावर हा उद्योग का काढला, याचं कारण म्हणून हीच गोष्ट गावाला माहीत होती. मलाही बरीच वर्षं तीच माहीत होती.

आता कुणाला वाटेल, जाहिरातीतले शब्द उचलून अर्जात टाकायचे, यात काय एवढं? तिथंच तर तात्यांची खरी गंमत होती. शब्द ते कुणालाही फुकट देत नसत. शब्दाला साक्षीदार लागायचा. ‘देखभाल’ लिहायचं, तर कशाची देखभाल केलीस, कुठं, किती वर्षं, आणि ती करताना तुला कुणी पाहिलं, हे सगळं सांगायचं. तात्या सायकलवर टांग टाकून त्या साक्षीदाराकडं जाऊन यायचे. मोटार दुरुस्त केली म्हणून सांगणाऱ्या पोराच्या विहिरीवर जाऊन त्यांनी मोटार चालू करून बघितली आहे. त्यांचं एक वाक्य तर आमच्याकडं पोरांना पाढ्यासारखं पाठ होतं, “शब्द त्यांचा, काम तुझं, साक्षीदार तिसरा.”

दत्तू म्हणून एक जण होता. त्या वर्षी जिकडंतिकडं संगणक, संगणक चाललं होतं, आणि दत्तूला आपल्या अर्जात ‘संगणक’ पाहिजेच होता.

तात्या म्हणाले, “बघितलायस का संगणक?”

“बघितलाय की. बारामतीत. काचंतनं.”

“मग लिव. संगणक काचेतून पाहिला आहे.”

दत्तू तीन महिने तात्यांशी बोलत नव्हता. मग त्यानं बारामतीत चार महिन्यांचा कोर्स केला, सर्टिफिकेट आणून तात्यांच्या मांडीवर आपटलं, आणि तात्यांनी ‘संगणक’ लिहून खाली रेघ मारली. ती रेघ जरा जास्तच जाड मारली होती, असं दत्तू अजून सांगतो.

आणि बिरा! त्याच्या घरची मेंढरं तेव्हा नुकतीच विकली होती. गोदामात माणूस पाहिजे होता आणि जाहिरातीत शब्द होता ‘साठा तपासणी’. बिरा म्हणाला, “आपल्याला ह्यातलं काय येत न्हाय, तात्या. आपण आपलं मेंढरामागं.”

“किती व्हती?”

“दोनशे चौदा.”

“रोज सांच्याला मोजायचास?”

“मोजायचं कशाला? बघितलं की कळतंया कुठलं न्हाय ते.”

तात्या बाकावरून उठलेच. गिरणीत भिंतीशी दळणाचे डबे मांडलेले होते. त्यांनी बिराला ते एकदा बघायला लावले, पाठमोरा उभा केला, आणि दोन डबे उचलून दाराआड ठेवले. बिरा वळला आणि म्हणाला, “निळ्या झाकणाचा आन् कडी तुटल्याला.” तात्यांनी त्याच्या अर्जात लिहिलं, ‘साठा तपासणी : दोनशे चौदा नग, दररोज, नऊ वर्षे, तूट नाही.’ साक्षीदार म्हणून ज्यांच्या रानात मेंढरं बसायची त्या तीन शेतकऱ्यांच्या सह्या. बिरा त्या कंपनीच्या स्टोअरला लागला तो पुढं स्टोअरचा मुख्यच झाला. कसले नग ते मात्र मुलाखतीत सांगायची पाळी आली तेव्हा म्हणे साहेब खुर्चीतून पडायच्या बेतात हसले होते.

अर्ज तयार झाला की तात्या स्वतः पोराबरोबर एसटीनं बारामतीला जात. तिथं कचेरीजवळ एक टायपिंगवाले मास्तर होते. त्यांच्या बोटांना सवय अशी, की कागद मशीनवर चढला की ‘घरची परिस्थिती’ आपोआप उमटायची. तात्या त्यांच्या खुर्चीमागं उभे राहत. “मास्तर, हलाखी आली! काढा कागद.” मास्तर वैतागायचे. “अहो तात्या, पंधरा वर्षं मी हेच टाइप करतोय.” तात्या म्हणायचे, “आन् मी सव्वीस वर्षं ह्येच पोत्यात टाकत आलोय.”

आता माझं सांगते.

आमच्या वस्तीवर दूध संस्था होती आणि आण्णा तिचे सचिव. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, फॅट काढायची, वहीत मांडायची. फॅट काढायची म्हणजे काचेच्या जाड नळीत ॲसिड, मग दूध, मग अल्कोहोल घालायचं, नळ्या यंत्रात बसवून हातानं गरगर फिरवायचं, आणि मग नळीवरच्या बारीक रेघांवर आकडा वाचायचा. चाळिशी उलटल्यावर आण्णांना तो आकडा दिसेना. चष्मा लावायला ते तयार नव्हते. “चष्मेवाल्यानं फॅट वाचली तर रोज भांडणं व्हतील,” हे त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच चूक नव्हतं. त्यामुळं बारावी झाल्यापासून ते काम माझ्याकडं आलं. ॲसिड मी घालायची, यंत्र मी फिरवायची, आकडा मी वाचायची आणि हळूच सांगायची. आण्णा तो मोठ्यानं पुकारायचे. वहीतलं अक्षरही माझंच. चार वर्षं हे चाललं होतं. वस्तीला सगळं दिसत होतं, पण कुणी बोलत नव्हतं, कारण आकडा कधी चुकत नव्हता.

तेवढ्यात बारामतीच्या एका दूध कंपनीची जाहिरात आली. प्रयोगशाळा सहायक. मी ती कापून चार दिवस उशीखाली ठेवली. मला ती नोकरी किती पाहिजे होती हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, पण आज सांगायला हरकत नाही. आयुष्यात एकदा तरी माझा आकडा मला माझ्या तोंडानं मोठ्यानं पुकारायचा होता.

मी अर्ज लिहून गिरणीवर गेले. तात्यांनी जाहिरातीत रेघा मारल्या. ‘फॅट तपासणी’, ‘नमुने’, ‘नोंदी’, ‘वक्तशीर’, ‘अनुभव’. मग माझा अर्ज वाचला. हलाखी मी घातली नव्हती, तेवढं मला कळत होतं. पण एका ओळीवर त्यांची पेन्सिल थांबली. ‘अनुभव : नाही.’

“मंगल,” ते म्हणाले, “तुझ्या ओढणीला ही भोकं कशानं पडली?”

“ॲसिडनं.”

“आन् ॲसिड कोण घालतं? तुझी सावली?”

त्यांनी ‘नाही’वर काट मारली आणि लिहिलं, ‘फॅट तपासणी, नमुने घेणे व नोंदी : चार वर्षे, रोज दोन वेळा, वक्तशीर.’ ती ओळ मी दोनदा वाचली. हे सगळं मी केलं होतं आणि मलाच माहीत नव्हतं.

“आता साक्षीदार आण,” तात्या म्हणाले. “सचिवाची सही आन् शिक्का.”

सचिव म्हणजे आण्णा. आणि आण्णांनी सही केली असती तर कागदावर काय आलं असतं? की चार वर्षं सचिवाचं काम सचिवानं केलेलं नाही. हा कागद उद्या चेअरमनच्या हातात पडला तर? आण्णा नुसते ‘न्हाय’ म्हणाले आणि बाहेर गेले. अर्जाची मुदत संपायला आठ दिवस होते.

मी तात्यांकडं रडत गेले. म्हटलं, सहीशिवाय पाठवा. खरं तर आहे ना सगळं? तात्या हलले नाहीत. “खोटं न्हाय, आन् बिनसाक्षीचं बी न्हाय. आज तुझा बिनसाक्षीचा पाठवला तर उद्या दत्तूचा संगणक कसा अडवू?” मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांच्या वर्तमानपत्रावर दळणाचा डबा आपटला. आमच्यासारख्या गरिबांना नियम सांगणारे हे कोण, असंही बोलले. तात्यांनी मिशांवरचं पीठ पुसलं आणि पुढच्या पोराला म्हणाले, “शब्द दाखव.”

सातव्या दिवशी सकाळी मात्र ते आमच्या वस्तीवर आले. संस्थेपुढं दूधवाल्यांची गर्दी होती. तात्या सरळ येऊन आण्णांच्या शेजारी सिमेंटच्या ओट्यावर बसले आणि बोलायला लागले. मी आत यंत्र फिरवत होते. त्या यंत्राचा आवाज एवढा, की मला दोघांचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. आधी आण्णा मान हलवून नाही म्हणत होते. मग ऐकायला लागले. मग त्यांनी मान खाली घातली. यंत्र थांबलं तेव्हा तात्या उठून उभे होते आणि आण्णा त्यांना म्हणत होते, “जरा तुमचा चष्मा द्या.”

सगळ्या दूधवाल्यांच्या देखत आण्णांनी तात्यांचा चष्मा नाकावर चढवला, त्यांनी लिहून आणलेला माझ्या कामाचा दाखला नीट वाचला, सही केली, शिक्का मारला. आणि ‘चार वर्षे’ याच्या पुढं स्वतःच्या अक्षरात एक शब्द वाढवला, ‘एकटीने’. मग मला हाक मारली, “मंगल, सगळ्यास्नी आकडं तूच सांग आता.” मी पहिला आकडा मोठ्यानं पुकारला. एकानं नेहमीप्रमाणं कुरकूर केली, तेव्हा बाकीच्यांनी त्यालाच गप्प केलं.

मुलाखतीला तीन साहेब होते. एकानं विचारलं, “आधी दूध की आधी ॲसिड?”

“आधी ॲसिड. मग दूध, सावकाश, कडेकडेनं. घाई केली तर दूध करपतं.”

“ॲसिड कधी सांडलंय?”

“नळीत कधी चुकलं नाही. ओढणीवर सांडलंय.”

मला ती नोकरी लागली. आमच्या वस्तीवरून कंपनीच्या प्रयोगशाळेत गेलेली पहिली मुलगी मी. तसं पाहिलं तर आता तिथं माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत, आणि हे सांगताना मला आजही जरा ताठ बसावंसं वाटतं. पुढं एकदा ऑफिसात माझी फाइल बघायला मिळाली. माझ्या अर्जावर आवक टेबलाच्या कारकुनानं निळ्या शाईनं बरोबरच्या खुणा केल्या होत्या. पाच खुणा, तात्यांनी रेघा मारलेल्या नेमक्या त्याच पाच शब्दांवर. हे तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी शेजारच्या गिरणीवाल्याला, रांगेतल्या बायकांना, चहावाल्याला, सगळ्यांना ते सांगायला लावलं.

पण मी रुजू व्हायला निघाले तो दिवस आधी सांगायला हवा. आण्णा मला एसटीवर सोडायला आले होते, नाकावर नवा कोरा चष्मा. मी त्यांना विचारलं, “त्या दिवशी तात्या काय बोलले तुमच्याशी?”

आण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, “त्यांच्या मंडळींचं सांगितलं.”

तात्यांच्या मंडळी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तीन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. कारखान्यात तात्यांचं अक्षर फार नावाजलेलं होतं. आवक रजिस्टर म्हणजे छापल्यासारखं. निरोपाच्या समारंभात मोठ्या साहेबांनी ते रजिस्टर हातात धरून सगळ्यांना दाखवलं होतं, तात्यांना शाल दिली होती. ते अक्षर तात्यांचं नव्हतंच. तात्या आठवडाभराचे कच्चे कागद शनिवारी घरी आणायचे आणि त्यांच्या मंडळी रविवारी बसून ते रजिस्टरात उतरवायच्या. सव्वीस वर्षं. तात्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, आमच्या आण्णांना पहिल्यांदा सांगितलं. “म्हणाले, नामदेवराव, माझ्याच्यानं तवा झालं न्हाय. तुमचं अजून हातात हाय.”

पुढच्या रविवारी मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. घर एकट्या माणसाचं असतं तसं होतं, एक ताट, एक तांब्या. दोरीवर एकच धोतर वाळत होतं. मी पाया पडले. आण्णांनी मला सांगितलंय, हे त्यांनी माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं.

“शाळेत कारकुनाची जागा निघाली व्हती एकदा,” ते आपण होऊन म्हणाले. “सातवी झाली व्हती ती. मला म्हणाली, अर्ज करू का. मी हासलो. म्हणालो, अनुभव काय लिवशील?”

पुढं त्यांना बोलवेना. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याच्या पोरांना शब्द मिळवून दिले, त्याला पाणी आणून द्यायची वेळ आली. मला त्यांच्यावर रागवायला हवं होतं कदाचित. पण मला आठवत होता तो भर गर्दीत आमच्या ओट्यावर बसलेला म्हातारा, ज्यानं माझ्या एका सहीसाठी सव्वीस वर्षांची शाल अंगावरून उतरवून ठेवली होती. मला त्यांचा अभिमानच वाटला, आणि अजून वाटतो.

थोड्या वेळानं ते उठले. कोनाड्यातून एक कोरा फुलस्केप आणि पेन काढून माझ्यापुढं ठेवलं.

“तुझं अक्षर चांगलं हाय. एक अर्ज लिव.”

“कुणाचा?”

त्यांनी कागद माझ्याकडं आणखी सरकवला. मला कळलं. मी कागद सरळ केला आणि विचारलं, “कुठल्या जागेसाठी लिहू, तात्या?”

“जागा ऱ्हाऊ दे. काम लिव. आवक नोंदी, सव्वीस वर्षं. सुवाच्य लिव. वेळेवर लिव, एक सोमवार चुकला न्हाय तिचा. खाडाखोड न्हाय, ते बी लिव.” ते सांगत गेले, मी लिहीत गेले. इतरांचा अर्ज ते पाच शब्दांत संपवायचे. हा पानाच्या तळाशी पोचला तरी त्यांचं संपेना. शेवटी म्हणाले, “साक्षीदार म्हणून माझं नाव टाक. सही करतो.”

त्यांनी सही केली. खरंच, अक्षर अगदी गिचमीड होतं.

वर नावाची जागा मात्र कोरीच राहिली होती. गावात त्यांना सगळे तात्यांच्या मंडळी म्हणायचे, आम्ही पोरं काकू म्हणायचो. त्यांचं नाव काय होतं ते मला माहीत नव्हतं. तात्यांच्या तोंडून तर ते कुणीच कधी ऐकलं नव्हतं. ते सुद्धा ‘आमची मंडळी’ नाहीतर ‘अगं ए’ एवढंच म्हणत.

“तात्या, नाव?”

ते भिंतीकडं वळले. टोपी काढून हातात घेतली.

“अनुसया,” ते म्हणाले. आणि मग, मला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून की काय, पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणाले, “अनुसया.”